कडू पानांची बादली

टेबल, सकाळी

दात, थुंकी, ठेव. दात, थुंकी, बादली.

आत्याचा हात असा चालायचा की बघणाऱ्याला वाटावं, बाई विणकाम करतेय. रोपाचं पहिलं जाड पान दोन बोटांत धरायचं, कडेचा इवलासा तुकडा पुढच्या दातांनी तोडायचा, जिभेच्या मागच्या अंगाला एकदा लोळवायचा आणि डाव्या हाताच्या डब्यात थुंकायचं. काही जाणवलं नाही तर रोप जागेवर. कडू लागलं तर मुळासकट उपटून उजवीकडच्या बादलीत. विचार करायचा नाही. विचार केला की जीभ लबाडी करते, असं तिचे वडील, अण्णा, म्हणायचे. अण्णा जाऊन इतकी वर्षं झाली, पण काचघरातल्या या लांब टेबलावर अजून त्यांचंच राज्य होतं.

आज मात्र बादली भरत आली होती.

अण्णांच्या काकडीत गेल्या कित्येक हंगामांत कडू रोप औषधालाही सापडलं नव्हतं. आत्या टेबलाशी बसायची, ट्रेमागून ट्रे चाखायची आणि रिकामी बादली कोपऱ्यात पालथी घालून घरी जायची. आज पहिल्याच ओळीत तिची जीभ आक्रसली. मग पुढचं रोप, मग त्याच्या शेजारचं. बियाण्यात कुणीतरी भेसळ केली, या रागाने तिचा हात आणखी भरभर चालू लागला.

दार ढकलून चिमटी आत आली. धाकट्या भावाची मुलगी. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला लावायला सदा हातात बारका चिमटा, म्हणून थोरल्या वहिनींनी ठेवलेलं नाव. पुढे पोरगी वनस्पतींची जनुकं वाचायला शिकली, मोठमोठ्या लोकांत उठबस करून परत आली, तरी घरात चिमटीची चिमटीच राहिली.

"आत्या, माझे ट्रे कुणी हलवले गं? तिकडे नळी गळतेय नुसती, आणि माझे..."

ती थांबली. तिने टेबलाकडे पाहिलं, मग बादलीकडे.

"काय झालं? भूत बघितल्यासारखी काय उभी?"

चिमटी जवळ आली. पहिला ट्रे कलता करून तिने त्याच्या खाली दडपलेली चिठ्ठी बाहेर ओढली. चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं.

"आत्या, हे माझे आहेत."

आत्याच्या तोंडात अजून एक तुकडा होता. तो थुंकायचा की गिळायचा, तिला कळेना.

भांडण

(आत्या यात फारशी बोलली नाही. तिने जे गिळलं ते कंसात.)

दादा: काय आरडाओरडा चाललाय? दुपारी काकडीवाल्यांच्या संघाच्या बाई यायच्या आहेत आणि इथे बाजार भरलाय!

चिमटी: मोठे काका, आत्याने माझी रोपं उपटली.

दादा: कोणती?

चिमटी: कडू होती ती. म्हणजे चांगली होती ती सगळी.

वहिनी: अगंबाई!

आत्या: (मला काय स्वप्न पडलं होतं?)

धाकटा: चूक माझी आहे. नळी गळत होती, ट्रे भिजत होते. हे टेबल रिकामं दिसलं, आणून ठेवले. ती बादलीसुद्धा गळतीखालचीच आहे.

चिमटी: आणि चिठ्ठ्या, बाबा? चिठ्ठ्या खाली कुणी दडपल्या?

धाकटा: अगं, या टेबलावर ट्रे टेकवला की हात आपोआपच... लहानपणापासूनची सवय. हाताला कुठे ठाऊक ट्रे कुणाचा ते!

आणि ते खरं होतं. चाखणीच्या टेबलावर आलेल्या ट्रेची चिठ्ठी खाली दडपायची, हा अण्णांचा कायदा. रोप कुणाचं हे चाखणाऱ्याला कळता कामा नये. अण्णांनी स्वतःच्या लाडक्या वेलींची रोपं याच टेबलावर स्वतःच्या हाताने उपटली होती, आणि चिठ्ठी बघितल्यावर कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलं होतं. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झालीच नसती. तिथे लोक चिठ्ठ्या वाचतात.

वहिनी: वन्सं, एक विचारू? राग मानू नका.

आत्या: (मानणारच.)

वहिनी: एवढी कडू निघाली. एक ट्रे झाला, दुसरा झाला. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, थांबावं, हाक मारून विचारावं?

आत्या: या टेबलावर विचारायचं नसतं.

वहिनी: सोयीचं आहे हो टेबल.

धाकटा: वहिनी, ताईने मुद्दाम केलेलं नाही. मी तिला ओळखतो. तिची जीभ पुढे पळते आणि डोकं मागून चपला शोधत येतं.

चिमटी: बाबा, तुम्ही तिच्या बाजूने?

धाकटा: मी कसल्या बाजूने? मी मध्ये उभा आहे आणि दोन्हीकडून भिजतोय.

दादा: हे बघा, झालं ते बऱ्यासाठीच झालं म्हणा. बाईंना अण्णांचीच काकडी देऊन टाकू. मी फोनवर तसं बोललोही आहे.

चिमटी: मला न विचारता?

दादा: तू कधी विचारून पराग लावलास? ज्या दिवशी या घरातून कडू पानाचं रोप बाहेर जाईल, त्या दिवशी दारावरची अण्णांची पाटी काढून ठेवा. मला नका बोलावू.

वहिनी: पाटी राहील हो. पाटीखाली काकडी काय राहणार? गेल्या हंगामात काय झालं ते विसरलात?

कुणीच विसरलं नव्हतं. गेल्या हंगामात काचघरांत लाल कोळी शिरले. टाचणीच्या टोकाहून बारीक जीव, पानाच्या पाठीवर बसून रस ओढणारे. पानं आधी ठिपकेदार झाली, मग कागदासारखी पिवळी, मग जाळ्यात गुंडाळलेली. जे औषध मारलं ते पिऊन कोळी आणखी ताजेतवाने. संघातले लोक, ज्यांच्या आजोबांनीही याच घराची रोपं लावली होती, दारात येऊन गप्प उभे राहिले. त्या उभं राहण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. आणि शेवटच्या काचघरात, भिंतीकडे, चिमटीची एक ओळ हिरवीगार. कोळी तिच्यावर चढले, चव घेतली आणि उतरून गेले. पानं कडू होती.

आता संघाच्या बाई येणार होत्या ते विचारायला: या हंगामात सगळ्यांनी काय लावायचं? आणि या घरातून रोप बाहेर जातं ते आत्याने "जाऊ दे" म्हटल्यावरच. दादाने म्हणून चालत नाही, चिमटीच्या पदव्यांनी म्हणून चालत नाही. पान कडू तर रोप बाद, हा कायदा. आणि कायद्याला जीभ एकच.

भांडणाच्या शेवटी कोण कुठे उभं होतं: दादा आत्याच्या खुर्चीमागे, जणू ती त्याचीच तोफ. धाकटा टेबलाच्या टोकाला. वहिनी, ज्या नवऱ्याची बाजू सोडून कधी स्वयंपाकघरातही उभ्या राहिल्या नव्हत्या, त्या वळसा घालून चिमटीशेजारी.

"तू तिकडे काय करतेस?" दादाने विचारलं.

"इकडून ऊन कमी लागतं," वहिनी म्हणाल्या.

जिभांची वंशावळ

पणजीची, म्हणजे अण्णांच्या आईची जीभ: सबुरीची. वेलीचं पहिलं फळ हाती येईपर्यंत थांबायची, देठाकडची चकती कापून चाखायची. कडू निघालं तर अख्खी वेल, मांडवासकट, खाली. हंगामातले निम्मे श्रम मातीत जायचे. पण तिच्या काकडीला कधी कुणी नाक मुरडलं नाही.

अण्णांची जीभ: घाईची आणि हुशार. फळापर्यंत वाट कशाला बघा? त्यांच्या लक्षात आलं, ज्या रोपाचं पहिलं पान कडू नाही त्याचं फळ कधीच कडू निघत नाही. मग पानच चाखा. महिन्यांचं काम एका सकाळवर आलं. लांबलांबून लोक बघायला यायचे: काकडीवाला रोपं खातो.

दादाची जीभ: चवीला बेताची, बोलायला सोन्याची.

धाकट्याची जीभ: कडू तिला कळतच नाही. लहानपणी तापाचं औषध हा हसतहसत पिऊन आणखी मागायचा. अण्णांनी एकदा टेबलावर बसवलं, याने सगळी रोपं पास केली. तेव्हापासून तो 'गोड्या', आणि त्याचं राज्य नळ्यांवर.

चिमटीची जीभ: बापावर गेली. जगात कडू काय असतं ते तिने फक्त वाचलेलं. चव न कळणाऱ्या पोरीने कडू पानांची जात तयार केली, याचं घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. बहिऱ्याच्या घरी ढोलवाला जन्मतोच.

आत्याची जीभ: हिच्याविषयी काय सांगावं? पाण्याची टाकी धुतलेली आहे की नाही हे ती घोटावरून सांगायची. लग्नाची बोलणी एकदा झाली होती. मुलाच्या घरचं पाणी पिऊन हिने "विहीर उपसा" म्हटलं, बोलणी तिथेच उपसली गेली. तिला वाईट वाटलं नाही. तिला अण्णांचं टेबल मिळालं होतं.

पण ज्या जिभेने जन्मभर कडू शोधलं, तिने शोधून शोधून ते संपवलं. गेली कित्येक वर्षं आत्या चाखत होती आणि काहीच सापडत नव्हतं. नुसतं हिरवं पाणी. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण यात सांगण्यासारखं काय? चोरच उरले नाहीत म्हणून कोतवालाने रडायचं का?

म्हणून वहिनींचा प्रश्न तिला लागला. इतकी कडू निघाली, थांबला का नाहीत? राग होता, हे खरं. पण रागाखाली दुसरंच होतं. पहिला कडू तुकडा जिभेवर पडला तेव्हा तिच्या मानेवर काटा आला होता. जीभ जिवंत होती! इतक्या वर्षांनी तिला काम मिळालं होतं. आत्या थांबली नाही, कारण तिला मजा येत होती.

हे कसं सांगायचं? तिने डब्याचं झाकण लावलं.

भोकं

चिमटी रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. तिने फोन काढला, ट्रेवर वाकली आणि ओठ हलवत काहीतरी जुळवू लागली.

"काय करतेस?" धाकट्याने विचारलं.

"थांबा."

"अगं पण..."

"बाबा, थांबा ना!"

ट्रेमध्ये भोकं होती. जिथे रोप उपटलं तिथे काळं ओलं भोक, जिथे ठेवलं तिथे हिरवा ठिपका. चिमटीचं बोट भोकावरून भोकावर जाई, मग फोनवर, मग परत.

"मागच्या आठवड्यात मी प्रत्येक रोपाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला होता," ती मान वर न करता म्हणाली. "ही पोरं अजून सरमिसळ आहेत. एकाच वेलीची भावंडं, पण काही पानांनी कडू, काही गोड. गोडवाली मला काढून टाकायची होती. कुठली कडू ते आज सकाळी कळलं. ते बघूनच मी निघाले होते."

"मग?" दादा म्हणाला.

"मग काय? ही बघा भोकं." तिने पहिला ट्रे त्यांच्याकडे वळवला. "प्रयोगशाळा म्हणते कडू, तिथे भोक. कडू, भोक. गोड, रोप. कडू, भोक." तिचा आवाज चढत गेला. "काका, आत्याने एका सकाळीत माझी सगळी निवड करून टाकली! फक्त उलटी. मला ट्रेमध्ये हवं ते बादलीत आहे आणि बादलीत हवं ते ट्रेमध्ये."

वहिनींना हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोकळं.

"सगळी जुळली?" आत्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"जवळजवळ. हे एक." चिमटीने एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "प्रयोगशाळा म्हणते कडू. तू ठेवलंयस."

आत्याने ट्रे ओढून घेतला. पान तोडलं, जिभेवर लोळवलं. तिचे डोळे बारीक झाले. कडूच होतं.

"सुटलं माझ्याकडून," ती म्हणाली. "म्हातारी झाले."

"तेव्हा मी दारातून नळीला बांधायला चिंधी मागत होतो," धाकटा म्हणाला. "ताई, तू मला हातवारे केलेस. त्यात गेलं ते."

"तुझ्यामुळे सगळंच जातं," आत्या म्हणाली, पण तिच्या आवाजातली धार गेली होती. तिने ते रोप अलगद उपटलं, आणि उजवा हात सवयीने बादलीवर जाऊन तिथेच थबकला. आता हे टाकायचं कुठे?

"बादलीतच," चिमटी म्हणाली. "तळाला पाणी आहे. मुळं ओली आहेत. आता लावली तर जगतील."

"जगवून काय करायचं?" दादाने खुर्चीमागून विचारलं. "पान कडू आहे. कायदा बदलला का कुणी?"

मघाचं हसू एकदम विझलं. सगळे आत्याकडे बघत होते. चिमटीही.

"आत्या," ती म्हणाली, "पान कडूच आहे, मी नाही म्हणत नाही. तू फळ चाख. पणजी चाखायची तसं. आणि चांगल्या वेलीचं नको, मी तुला वाईटातलं वाईट देते."

तहानलेला कोपरा

शेवटच्या काचघरात, गरम पाइप भिंतीला लागून जातो तिथे, चिमटीने याच जातीच्या काही वाढलेल्या वेलींचं पाणी मुद्दाम तोडलं होतं. पानं हातरुमालासारखी लोंबत होती. कोळी मात्र एकाही पानावर नव्हता.

"काकडीला तहान लागली की ती चिडते," चिमटी चालताचालता सांगत होती. "ऊन आणि तहान, दोन्ही एकदम झालं की गोड फळसुद्धा देठाशी कडू होऊ शकतं. ही जात पडली तर इथेच पडेल. मशीनला या फळांत थोडंसं कडू दिसलंय. पण मशीन किती आहे ते सांगतं, तोंडाला लागतं का ते नाही सांगत."

"आणि लागलं तर?"

"तर मी स्वतः ट्रे रिकामे करते. बाईंना अण्णांची काकडी द्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करेन." ती हे सहज बोलली, पण चिमटा धरायचा हात तिने दुसऱ्या हातात घट्ट धरला होता. आठ हंगाम होते त्या हातात.

"मला एक कळत नाही," आत्या म्हणाली. "वेल एक, रस एक. पान कडू आणि फळ गोड कसं?"

"कडू बनवायचा कारखाना एकच, आत्या. पण बटणं दोन. एक पानातलं, एक फळातलं. पणजीने फळं चाखून चाखून फळातलं बटण कायमचं बिघडवून ठेवलं. मग अण्णांनी पानं चाखून कारखानाच बंद पाडला."

"म्हणजे अण्णा चुकले?"

चिमटी थांबली. "नाही गं. फळ कडू निघू नये म्हणून केलं, आणि ते कधी निघालं नाही. पण पानातला कडूपणा हा राखणदार होता, तोही गेला. कोळ्यांना दार सताड उघडं. मी रानातल्या एका काकडीकडून कारखाना परत आणलाय. बटण मात्र पणजीचंच."

ती फळं तोडायला वेलींत शिरली. तेवढ्यात दादा आत्याच्या कानाशी आला. वयाने थोरला असूनही तो तिच्याशी नेहमी असाच बोलायचा, हळू आणि थोडा भीत.

"ऐक. एक शब्द आहे नुसता. 'कडू' म्हण. तुझ्या जिभेला लागलं म्हटल्यावर कुणाची टाप आहे विचारायची? अण्णांचं राहील. तुझंही राहील."

"माझं काय राहील?"

"टेबल."

दादा खोटं बोलत नव्हता. पोरीचा कारखाना चालू झाला की पान कडू असणारच, सगळ्यांचंच; मग चाखायचं काय आणि उपटायचं काय? प्रयोगशाळा तुकडे घेईल आणि फोनवर सांगेल. अण्णांचा कायदा, तिची खुर्ची, तिच्या दातांचं ते विणकाम, सगळं एका 'गोड' शब्दाने संपणार होतं. आणि 'कडू' म्हणायला फार काही लागत नव्हतं. तोंड जरा वाकडं करायचं. बस.

चिमटीने तीन फळं पुढे केली. उन्हाने सुकून जरा वाकलेली, गरीब बिचारी फळं. वहिनींनी सुरी दिली. मीठ कुणी काढलं नाही.

आत्याने देठाकडची चकती कापली. कडू आधी तिथे जमतं.

तिने डोळे मिटले. तुकडा जिभेच्या मागे नेला आणि वाट पाहिली. खरं तर ती वाट नव्हतीच, हाक होती. ये, ती मनात कडूपणाला म्हणत होती. ये की. मघाशी पानात कसा आलास, तसा ये.

काही आलं नाही.

दुसरं फळ. सालीसकट. जिभेच्या दोन्ही कडांनी, टाळूला लावून, घशापर्यंत. नाही. तिसरं. तिने ते इतका वेळ चावलं की धाकटा अस्वस्थ होऊन पाइपवर बोटं वाजवू लागला. कडू नव्हतं. पण आता दुसरंच काही लागत होतं. गार, पातळ, शेवटी किंचित दुधाळ. ही चव तिला ठाऊक होती. प्रत्येक हंगामात, ट्रेमागून ट्रे, तिने हीच तर राखली होती. रानातल्या परक्या वेलीच्या लेकराला तिच्या घराची चव होती.

"आई कोण हिची?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"तुझी काकडी," चिमटी म्हणाली. "तूच चाखून ठेवलेली. दुसरी कुठलीही घेतली असती तर फळ असं आलं नसतं. मी नुसतं पान आणलं, आत्या. फळ तुझंच आहे."

दादा आत्याच्या तोंडाकडे बघत होता. ते वाकडं होण्याची वाट बघत होता.

आत्याने तुकडा थुंकला नाही. जन्मात पहिल्यांदा तिने चाखलेलं गिळलं.

"दादा," ती म्हणाली, "नाही रे. शोधलं मी. तुझ्यासाठीसुद्धा शोधलं. कडू नाहीये."

दादाने हात पुढे केला. "दे इकडे." राहिलेली अर्धी काकडी त्याने साधी, उभ्याउभ्या, कराकरा खाल्ली. खाऊन झाल्यावर बाहीने तोंड पुसलं.

"बाईंना फोनवर काय बोललो ते माझं मी निस्तरतो," तो म्हणाला. "पण पाटी तीच राहील."

"पाटीला कोण हात लावतंय?" वहिनी म्हणाल्या. आणि मग, बऱ्याच वेळाने, त्या परत नवऱ्याच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

धाकट्याला काही बोलायचं होतं. त्याने तीनदा सुरुवात केली. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "माझी मुलगी आहे ती," जणू इथे कुणाला शंका होती.

"माहितीये," आत्या म्हणाली. "जीभ बघून कळतं."

टेबल, दुपारी

संघाच्या बाई आत आल्या तेव्हा त्यांना वाटलं, या घरात काहीतरी सांडलंय. सगळं घर टेबलावर वाकलं होतं. दादा बाह्या सरसावून भोकांत पाणी सोडत होता. वहिनी बादलीतून रोपं एकेक करून सोडवत होत्या, गुंतलेल्या केसांतून कंगवा फिरवावा तशी. चिमटी ती भोकांत उभी करत होती, धाकटा माती दाबत होता, आणि आत्या ट्रेमध्ये राहिलेली गोड पानांची रोपं काढून बाजूला ठेवत होती. फेकत नव्हती, एका वेगळ्या ट्रेमध्ये, ओलाव्यात.

"तुम्ही रोपं बादलीतून काढून लावता?" बाईंनी विचारलं. "मी तर ऐकलं होतं, इथे बादलीत टाकतात."

"आज उलटा दिवस आहे," दादा म्हणाला. फोनवर जे बोलला होता ते कसं परत घ्यावं याची जुळवाजुळव त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. "बाई, त्याचं असं झालं..."

बाईंना धीर नव्हता. गेल्या हंगामात त्यांचं स्वतःचं काचघर जळाल्यासारखं पिवळं पडलं होतं. "मला कहाणी नको. लोक दारात बसलेत. काय लावायचं तेवढं सांगा."

बोलायचं कुणी हे ठरलेलं होतं.

आत्या उठली. लावलेल्या रोपांतलं एक तिने निवडलं, त्याच्या पानाचा तुकडा नखाने खुडला आणि बाईंच्या हातावर ठेवला. या घरात बाहेरच्या माणसाला चाखायला आजवर कुणी दिलं नव्हतं. दादाने दीर्घ श्वास घेतला, चिमटीने तोंडावर हात धरला.

बाईंनी पाहुणचार समजून तुकडा तोंडात टाकला. दोनदा चावला. मग त्यांचं तोंड जे वाकडं झालं ते झालंच. डोळ्यांत पाणी, एक हात गळ्याशी, दुसरा हात डबा शोधतोय.

"अहो!" त्या थुंकत म्हणाल्या. "हे तर कडूजहर आहे!"

आत्या ताठ उभी होती.

"आहेच," ती म्हणाली. "आमच्या पोरीनं केलंय."